आखूड लिव्हर

१

मिस्त्रीच्या गॅरेजात कामाला माणसं दोनच. एक खाली, एक वर. खाली म्हणजे खड्ड्यात. तिथे गेली सव्वीस वर्षं मिस्त्री स्वतः उतरत आला होता. वर म्हणजे खड्ड्यावर उभ्या केलेल्या गाडीच्या सीटवर, आणि तिथे त्याची बायको बसायची.

गियरच्या कामाला दुसरं माणूस लागतंच. लिव्हर गाडीच्या आत, त्याला जोडलेला रॉड गाडीच्या पोटाखाली. रॉड नीट सरकतोय का हे खालून बघायचं तर वरून कुणीतरी गियर टाकायला हवा. मिस्त्रीने आयुष्यात दोन हाताखालचे ठेवून पाहिले आणि दोघांनाही हात जोडून निरोप दिला. शेवटी घरचंच माणूस कामाला आलं. घर गॅरेजच्या डोक्यावरच होतं, मधे चौदा पायऱ्यांचा जिना. मिस्त्रीने खालून "अगं, ये गं जरा" अशी हाक दिली की वर गॅस बारीक व्हायचा, जिन्यावर चपला वाजायच्या, सातव्या पायरीवर गुडघ्यांसाठी थांबायच्या, आणि मग उरलेला जिना उतरायच्या.

पुढचं दोघांचं ठरलेलं होतं. मिस्त्री खालून ओरडायचा, "पहिला!" ती गियर टाकायची आणि वरून म्हणायची, "पडला." तो शब्द कानावर आल्याशिवाय मिस्त्री रॉडला बोट लावत नसे. तरुणपणी एकदा त्याने घाई केली होती आणि डाव्या करंगळीचं नख तेव्हापासून उगवायचं विसरलं होतं. "दुसरा!" "पडला." "तिसरा!" "पडला." बाहेरून कुणी ऐकलं असतं तर दोघं शाळेतली उजळणी म्हणतायत असं वाटलं असतं.

तिच्या हाताची एक खोड होती. एका गियरमधून दुसऱ्यात जाताना ती मधे न्यूट्रलला अर्धा श्वास थांबायची. खाली रॉडही तेवढाच थांबायचा. मिस्त्री म्हणायचा, "हिने लग्नाला हो म्हणायला चार दिवस घेतले, गियरला निदान अर्धा श्वास तरी घेणारच." शंभर हातांतून त्याने तिचा हात रॉडवरून ओळखला असता. तसं तो चारचौघांत छातीठोकपणे सांगायचाही.

त्या दिवशी गाडी होती चष्मेवाल्याची. कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान चालवणारा तरुण मुलगा. वडिलांची जुनी गाडी त्याला मिळाली होती आणि गाडीपेक्षा गाडीचे व्हिडिओ बघण्यात त्याचा जास्त वेळ जायचा. त्याने एक खोकं आणलं होतं. त्यात एक आखूड लिव्हर, दोन बुश, एक स्प्रिंग.

"हे बसवलं की गियर निम्म्या अंतरात पडतो, मिस्त्री. मनगट हलवलं की झालं."

"आणि वाचलेल्या अंतराचं तुम्ही काय करणार, साहेब?"

चष्मेवाला हसला. मिस्त्रीही हसला. पण त्याने काम मन लावून केलं. दोन सीटमधलं प्लॅस्टिकचं झाकण सोडवलं, लिव्हरभोवतीचा रबरी बूट वर ओढला, लिव्हर धरून ठेवणारी सर्क्लिप काढली, जुनं लिव्हर उपसून बाजूला ठेवलं. नवं ज्यावर हलतं ती खुंटी वरच्या बाजूला होती, म्हणजे खालचा भाग लांब आणि हातात येणारा आखूड. खाली रॉड पूर्वीइतकाच सरकणार, हाताला मात्र निम्मंच सरकावं लागणार. बुशना ग्रीस लावून त्याने सगळं बसवलं, खड्ड्यात उतरला आणि हाक मारली.

कोपऱ्यात कंप्रेसर चालू होता, त्यामुळे चपला ऐकू आल्या नाहीत. दार लागल्याचं ऐकू आलं आणि गाडी डोक्यावर किंचित दबली.

"पहिला!"

खट्. "पडला."

"दुसरा!"

खट्. मधे थांबणं नाही, काही नाही. वा, आज बाईंना घाई आहे, मिस्त्री मनात म्हणाला. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे तसेच. रॉड झटक्यात जायचा आणि कंप्रेसरच्या घरघरीतून "पडला" यायचं.

"रिव्हर्स!"

रॉड गेला. आणि त्याच वेळी जिन्यावरून आवाज आला, "आले हो, दूध होतं गॅसवर."

खड्ड्यात उभं राहिलं की मिस्त्रीचे डोळे जमिनीच्या पातळीला यायचे. त्याने मान वळवली. शेवटच्या पायरीवर त्याच्या बायकोचे पाय उभे होते.

२

तो शिडीच्या चार कांब्या चढून वर आला. सीट रिकामं होतं. लिव्हर रिव्हर्सला होतं. बायको हातात चहाचा कप घेऊन उभी होती.

"आत कोण बसलं होतं?"

"कोण बसणार? मी तर आत्ता येतेय."

"मग गियर कुणी टाकले?"

"मी नाही," ती लगेच म्हणाली. "आता टाकून दाखवू का?"

मिस्त्री डोकं ठिकाणावर असलेला माणूस होता. कुठल्याही आवाजामागे एखादा ढिला नट असतो यावर त्याचा विश्वास होता. नवी स्प्रिंग कडक आहे, ग्रीस ताजं आहे, कंप्रेसरने जमीन थरथरतेय, रॉड आपसूक सरकला असेल. एकदा सरकेल, सहा वेळा हाकेबरोबर? बरं, आणि "पडला"? सव्वीस वर्षं कानाला सवय आहे, कान स्वतःच म्हणाला असेल. त्याने कंप्रेसर बंद केला आणि पुन्हा खाली उतरला.

ती सीटवर बसली. पहिला, खट्, पडला. दुसरा, खट्, पडला. तिचाही हात तसाच झटक्यात गेला. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. म्हणजे हे सगळं आखूड लिव्हरचं होतं. या लिव्हरला मधे थांबायला जागाच नाही, कुणीही टाका, सारखंच. मग मघाशी कोण होतं हा प्रश्न उरलाच, पण उरलेल्या प्रश्नांना डोक्याच्या मागच्या कपाटात टाकायची मिस्त्रीला सवय होती.

ती उतरली, रिकामा कप घेतला आणि जिना चढून गेली. चौदाच्या चौदा पायऱ्या, एका दमात.

"गुडघे बरे दिसतायत," तो खालून म्हणाला.

"बरे आहेत," वरून उत्तर आलं.

संध्याकाळी चष्मेवाला गाडी घेऊन गेला. मिस्त्रीने त्याला हसून हात केला.

३

घरात सुख आलं. असंच म्हणायला हवं, कारण तक्रार करण्याजोगं काही नव्हतं.

मिस्त्रीने आंघोळीहून येऊन "चहा" म्हणायला तोंड उघडावं आणि कप समोर असावा. पहिल्यांदा त्याला कौतुक वाटलं. तो काही सांगायला लागला की वाक्य संपतं न संपतं तोच तिचं उत्तर यायचं, कधीकधी संपायच्या आधीच, आणि ते बरोबर असायचं. एरवी ही बाई "भाजी कोणती करू" या प्रश्नावर खिडकीबाहेर बघत राहायची. आता विचारणं नाही, थांबणं नाही. भाजी झालेली असायची.

ती स्वयंपाकघरात कांदा चिरत असायची. मिस्त्री आरशात बघून दाढी करायला लागायचा आणि आरशात ती पलंगापाशी चादरीची घडी घालत असायची. घर तीन खोल्यांचं, लाद्या जुन्या, त्यातली एक हलणारी. कुणीही गेलं की वाजायची. ती वाजलेली नसायची. सुरीही ओट्यावर नसायची, धुऊन जागेवर लावलेली असायची.

विनोद केला तर ती हसायची. हसणं एकदम सुरू व्हायचं आणि एकदम थांबायचं. पूर्वी हसून झाल्यावरही तिच्या गालात थोडा वेळ काहीतरी उरायचं. झोपेचंही तसंच. डोळे मिटले की झोपलेली, उघडले की जागी. जांभई म्हणून नाही, आळस म्हणून नाही.

मुलगी दुसऱ्या शहरात असायची. तिचा फोन आला.

"बाबा, आईला काय औषध देताय? किती ताजीतवानी बोलतेय! पूर्वी मला वाटायचं फोन कट झाला की काय."

"गुडघे सुधारलेत तिचे," मिस्त्री म्हणाला.

"मग तुम्ही का असे बोलताय?"

"कसा?"

"दमल्यासारखे."

त्याला खरं सांगता येईना, कारण ते वेडगळ वाटलं असतं. त्याला बायकोची आठवण येत होती. ती समोर बसून जेवत होती आणि त्याला तिची आठवण येत होती. ती थांबायची तेव्हा तो चिडायचा, बोटं वाजवायचा, "बोल की गं बाई" म्हणायचा. आणि तेवढ्या वेळात स्वतःही दम खायचा, हे त्याला आता कळत होतं. घरातली ती जागाच कुणीतरी काढून नेली होती.

४

दहाव्या दिवशी चष्मेवाला गाडी घेऊन परत आला. नाकावरचा चष्मा सारखा वर ढकलत होता.

"मिस्त्री, जुनं लिव्हर ठेवलंय ना? ते लावून द्या."

"का हो? मनगटाला त्रास झाला?"

"हसू नका. सिग्नलला मी गियरमधे उभा असतो आणि लिव्हर हळूच न्यूट्रलला येतं. दर वेळेला. बरं, सीटचं काय केलंत तुम्ही?"

"सीटला मी हातच लावला नाही."

"रोज सकाळी सीट पुढे आलेलं असतं. अगदी पुढे, स्टिअरिंगला चिकटून. माझे गुडघे अडकतात. तुमच्याकडे कुणी बुटकं माणूस बसलं होतं का?"

मिस्त्रीची बायको बुटकी होती. गाडीत बसली की सीट ओढून शेवटच्या खाचेत आणायची, तरी क्लचला पाय कसाबसा पोचायचा. पण ती वर होती. मिक्सरचा आवाज येत होता.

"खाच झिजली असेल," मिस्त्री म्हणाला. "बघतो."

"आणि एक," चष्मेवाला जाता जाता थांबला. त्याने रस्त्याकडे बघत सांगितलं, मिस्त्रीकडे नाही. "गाडीत मी एकटा असतो. तरी गियर टाकला की कुणीतरी काहीतरी म्हणतं. एकच शब्द. रेडिओ बंद असतो. उद्या चारला येतो, मला बाहेरगावी जायचंय. लिव्हर तेवढं बदला."

मिस्त्रीने मान हलवली. तो उगाचच फडक्याला हात पुसत राहिला.

५

जुनं लिव्हर बसवायला तासही लागला नाही. बायकोला हाक मारायचं त्याने ठरवूनच टाळलं. हे आपल्याच हातचं जुनं काम आहे, चार वेळा वरखाली करून एकट्याला बघता येईल, असं त्याने स्वतःला समजावलं. खरं तर तिच्या त्या झटपट उतरत्या पायांची त्याला भीती वाटायला लागली होती.

तो खड्ड्यात उतरला, क्लँपचा बोल्ट आवळला, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "पहिला!"

वर मिक्सर चालू होता. जिन्यावर कुणी नव्हतं. गाडीचं दार बंद होतं, ते त्याने स्वतः लावलं होतं.

रॉड हलला. सावकाश गेला, बसला.

"पडला."

मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. तो उचलायला वाकण्याचंही भान त्याला राहिलं नाही. तरी तो म्हणाला, "दुसरा."

रॉड पहिल्यातून निघाला. न्यूट्रलला आला. आणि थांबला. अर्धा श्वास. मग पुढे गेला.

"पडला."

"तिसरा," मिस्त्री म्हणाला आणि रडायला लागला. रॉड पुन्हा मधे थांबला, तसाच, तेवढाच. शंभर हातांतून ओळखीन म्हणणाऱ्या माणसाला आता एकाच हाताची ओळख पटली होती. त्या दिवशी सीटवर तीच होती. हाक ऐकून खाली आली होती, बसली होती, सहा वेळा गियर टाकला होता. आखूड लिव्हरमुळे तिचा थांबा दिसला नाही, एवढंच. आणि मिस्त्रीने हातावर विश्वास ठेवायचा सोडून डोळ्यांवर ठेवला होता. जिन्यावर पाय दिसले म्हणून तो त्या पायांकडे वर गेला होता.

वर मिक्सर थांबला. पुन्हा सुरू झाला.

"अगं, तू आहेस ना?"

त्यांच्या दोघांच्या त्या कामात उत्तर एकच असायचं.

"बोल की गं."

रॉड आपणहून हलला. न सांगता. रिव्हर्सला गेला, परत आला. पुन्हा रिव्हर्सला गेला, परत आला. पुन्हा. लहान मूल बाही ओढतं तसं.

तो धडपडत वर आला. दार उघडलं. आत कुणी नव्हतं. पण सीट पुढे ओढलेलं होतं, शेवटच्या खाचेत, आणि लिव्हरची मूठ कोमट होती. त्याला त्या सीटवर बसवेना. तो पलीकडून जाऊन शेजारच्या सीटवर बसला. दहा दिवस. दहा दिवस ती एका परक्या मुलाबरोबर शहरभर फिरत होती, प्रत्येक सिग्नलला गाडी न्यूट्रल करून बघत होती, आणि तिला घेऊन जाणाऱ्याला मिस्त्रीने दारात उभं राहून हसून हात केला होता.

"माझं चुकलं गं," तो म्हणाला. "मला कळलंच नाही."

"जेवायला चला," खिडकीशी आवाज आला.

ती उभी होती. जिना वाजला नव्हता. वर मिक्सरही, मिस्त्रीला वाटलं, अजून पुरता थांबला नव्हता. ती त्याच्याकडे बघत होती, रिकाम्या सीटकडे चुकूनही नाही.

"कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाही."

"बरं," ती लगेच म्हणाली.

६

रात्रभर मिस्त्री तिच्या शेजारी डोळे उघडे ठेवून पडून राहिला. पळून जावं तर कुणाला घेऊन? गाडी परक्याची. चष्मेवाल्याला सांगावं तर काय, की साहेब, तुमच्या गाडीत माझी बायको राहिलीय? मुलीला फोन करावा तर ती आईशीच बोलायला मागेल आणि आई छान बोलेल.

शेवटी त्याने ज्या एका गोष्टीची त्याला अक्कल होती तिच्याकडेच वळायचं ठरवलं. काम चुकलं की मिस्त्री लोक एकच करतात. पुन्हा सगळं खोलतात आणि जिथे चुकलं त्या जागेपाशी येऊन या वेळी बरोबर करतात. चूक कुठे झाली होती हे त्याला स्पष्ट दिसत होतं. रिव्हर्स पडला, जिन्यावरून आवाज आला, आणि तो खड्ड्यातून वर आला. ती गाडीतून उतरायच्या आधी तो दुसरीकडे गेला. उद्या तो जाणार नाही. ती उतरेल, तिचे पाय जमिनीला लागलेले तो डोळ्यांनी बघेल, मगच हलेल.

सकाळी त्याने जुनं लिव्हर काढलं आणि ते आखूड पुन्हा बसवलं. तेच बुश, तीच स्प्रिंग, तेवढंच ग्रीस. कंप्रेसर चालू केला. अकराच्या सुमाराला तो खड्ड्यात उतरला. भीती होती, पण त्याखाली कुठेतरी आशाही होती.

"ऐक," तो गाडीच्या पत्र्याला तोंड लावून म्हणाला. "रिव्हर्स पडला की दार उघड आणि खाली उतर. मी वर जाणार नाही. कुणीही बोलावलं तरी जाणार नाही. तू उतर."

मग त्याने आवाज चढवला. "पहिला!"

खट्. "पडला."

दुसरा. तिसरा. चौथा. पाचवा. प्रत्येक वेळी झटक्यात, आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज. तिचाच होता. आता तो घरघरीतूनही त्याला ओळखू येत होता.

"रिव्हर्स!"

"पडला."

गाडी डोक्यावर किंचित उचलली गेली. वजन उतरत होतं. दाराची कडी वाजली. मिस्त्रीने शिडीची कांबी घट्ट धरली आणि गाडीच्या कडेखालून जमिनीच्या त्या पट्टीकडे डोळे लावले. तिथे आता तिच्या चपला दिसणार होत्या.

"अहो, चहा," जिन्यावरून आवाज आला.

शेवटच्या पायरीवर पाय उभे होते. तो हलला नाही. त्याने तिकडे बघितलंही नाही. "उतर," तो म्हणाला. "उतर गं, उतर."

त्याच्या हातातली कांबी थरथरली. शिडीवर कुणीतरी चढत होतं.

शिडी त्याच्या छातीला टेकली होती आणि तिच्यावर कुणी नव्हतं. तरी एकेक कांबी वजनाने कुरकुरली, खालून वर, चारही. मग जमिनीच्या पट्टीवर दोन पाय दिसले. जुने तपकिरी सँडल, उजव्याचा पट्टा तारेने शिवलेला. ग्रीसच्या डागांची पँट. मिस्त्रीने खाली वाकून स्वतःच्या पायांकडे पाहिलं. त्याच्याही पायांत तेच होतं.

"आलो," ते पाय म्हणाले. आवाज मिस्त्रीचा होता.

तो वर गेला नाही, म्हणून त्याच्या जागी दुसरं कुणी गेलं.

पायांच्या दोन जोड्या जिन्यापाशी समोरासमोर उभ्या राहिल्या. चहा फुंकल्याचा आवाज आला. ती हसली, हसणं थांबलं. तो हसला, त्याचं हसणंही तसंच थांबलं. मग चारही पाय जिना चढून गेले, मधे कुठेही न थांबता.

डोक्यावर दाराची कडी परत बसली. गाडी पुन्हा दबली.

७

वर चढायचा प्रयत्न मिस्त्रीने केला. शिडी चार कांब्यांची. तो पाच चढला, सहा चढला, दहा चढला. खड्ड्याची कड होती तेवढीच वर होती. तिसानंतर त्याने मोजणं सोडलं आणि खाली बघितलं. खालची जमीन एका पावलावर होती.

तो ओरडला. कंप्रेसर कुणीतरी येऊन बंद केला, पण ओरडणं कुणी ऐकलं नाही. तपकिरी सँडल इकडून तिकडे गेले, टेबलावर हत्यारं ओळीने लावल्याचा आवाज आला, कुणीतरी शीळ घातली. मिस्त्रीला शीळ घालता येत नसे.

मग त्याने गाडीच्या पोटाला हात लावला, सीटच्या बरोब्बर खाली. पत्रा थंड होता. बोटभर जाडीचंही अंतर नव्हतं.

"पहिला," तो हळू म्हणाला.

"पडला."

दुपारभर ते तेवढंच करत राहिले. त्याला सांगायचं पुष्कळ होतं आणि तो सांगतही होता, मुलीचं, घरातल्या त्या दुसरीचं, जेवताना तिची आठवण यायची ते. ती ऐकत असावी. अधूनमधून तो एक गियर म्हणायचा, ती आहे एवढं कळावं म्हणून. ती होती.

चारला चष्मेवाला आला.

"झालं का?"

"तयार आहे," मिस्त्रीचा आवाज म्हणाला. "जुनंच बसवलंय. आता त्रास होणार नाही."

"अहो, हे तर आखूडच आहे!"

"चालवून बघा. आवडेल."

चष्मेवाला आत बसला. सीट मागे सरकवल्याचा करकर आवाज झाला आणि मिस्त्रीने दोन्ही हातांनी पत्र्यावर धपाधप मारलं. "नेऊ नका! साहेब, तिला नेऊ नका, ती आत आहे!" इंजिन सुरू झालं. पत्रा थरथरला. मिस्त्रीने रॉडच धरून ठेवला, बोटं जायची असतील तर जावोत म्हणून. त्याच्या मुठीतून रॉड सहज निसटला.

"पडला," ती वरून म्हणाली.

गाडी मागे सरकली. चाक, बंपर, आणि मग खड्ड्यावर नुसतं छप्पर राहिलं. रस्त्यावर गाडीने पहिला घेतला, तो शब्द ऐकू आला. दुसरा घेतला, तोही ऐकू आला, बारीक. तिसरा वळणापलीकडे पडला असावा. मिस्त्री कान देऊन उभा होता. सायकलची घंटा वाजली, कुणीतरी शटर ओढलं, आणि त्यात काही कळलं नाही.

थोड्या वेळाने पाय आले. दोघांचेही.

"खड्डा झाकून टाका," तिने सांगितलं. "उघडा कशाला ठेवायचा? आता खाली उतरायचं काम नाही."

लाकडी फळ्या भिंतीपासून काढल्याचा आवाज झाला. पहिली फळी खड्ड्यावर आडवी बसली. दुसरी तिला चिकटून. मिस्त्री फळ्यांखालून मागे मागे सरकत गेला, जिथे उजेड होता तिकडे. सातव्या फळीपाशी उजेड एका पट्टीपुरता उरला तेव्हा ती वाकली आणि तिने खाली बघितलं. त्याच्या तोंडाकडे, सरळ. त्यानेही पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दया नव्हती. काम झालंय का एवढंच ती बघत होती.

"खाली काही राहिलं नाही ना?" तिने विचारलं.

"नाही," वरचा मिस्त्री लगेच म्हणाला आणि त्याने शेवटची फळी टाकली.